हबच्या खाली गेलेला फिल्टर: कोल्ड एअर इनटेक, पावसाळा आणि एक वाकलेला रॉड

पार्श्वभूमी

गाडी १४९७ सीसीची, चार सिलिंडरची, टर्बो नसलेली पेट्रोल सेडान. पाच गिअरची मॅन्युअल, कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची आणि वर असतानाची सिलिंडरमधली जागा यांचं प्रमाण) १०.३, टायर १७५/६५ आर १५. मालक वसई पट्ट्यात राहणारा, रोज महामार्गाने अंधेरीपर्यंत जा-ये करणारा. जानेवारीत त्याने कंपनीची एअर फिल्टरची पेटी काढून तिच्या जागी आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरच्या बनावटीचा, कोल्ड एअर इनटेक बसवून घेतला.

किट नेहमीच्या धाटणीचं होतं. बाहेरून ७६ मिमी व्यासाचा ॲल्युमिनियमचा पाइप, दोन तुकड्यांत, एकूण लांबी ९० सेमीच्या आसपास. वरचा तुकडा थ्रॉटल बॉडीपासून (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) बॅटरीच्या शेजारपर्यंत, त्यातच एमएएफ म्हणजे आत येणारी हवा मोजणारा सेन्सर. खालचा तुकडा आतल्या फेंडरच्या भोकातून उतरून बंपरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि टोकाला तेल लावलेल्या कॉटनचा शंकूच्या आकाराचा फिल्टर. बॉनेटखालची तापलेली हवा टाळून बाहेरची थंड, दाट हवा इंजिनला द्यायची, एवढाच त्यामागचा विचार. कोरड्या ऋतूत तो बरोबर चालतो. पिकअपमध्ये पडणारा फरक थोडा असतो, आवाजातला फरक मात्र भरपूर, आणि खरं तर बहुतेक किटं आवाजासाठीच विकली जातात.

बसवताना तीन गोष्टी झाल्या आणि त्या कोणी टिपून ठेवल्या नाहीत. फिल्टरला जागा व्हावी म्हणून चाकामागच्या प्लास्टिक लायनरचा पुढचा भाग कापला गेला. कंपनीच्या पेटीचं पुढचं तोंड आणि फेंडरमध्ये बसणारा रेझोनेटर (हवेचा आवाज कमी करणारी पोकळ डबी) दुकानातच राहिले. मालकाने घरी नेली ती फक्त पेटी. आणि फिल्टरची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे, हे कोणी मोजलं नाही.

ती उंची २४ सेमी होती.

अडचण नेमकी काय होती

साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना आपल्याकडे सगळे एकच नियम सांगतात: चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर हळू काढा, वर असेल तर जाऊ नका. १७५/६५ आर १५ टायरचा पूर्ण व्यास ६१ सेमीच्या आत-बाहेर. गाडीच्या वजनाने तो थोडा दबतो, त्यामुळे हब, म्हणजे चाकाचा मध्य, जमिनीपासून साधारण २९ सेमीवर येतो. कंपनीच्या पेटीचं तोंड या गाडीत रेडिएटरच्या वरच्या पट्टीजवळ, जवळपास ७० सेमीवर होतं. म्हणजे मूळ गाडीत हबचा नियम पाळला तर हाताशी ४० सेमीची मोकळीक राहत होती. नव्या मांडणीत फिल्टरची खालची कड २४ आणि वरची ३८ सेमीवर. नियम तोच राहिला, गाडी मात्र त्या नियमातली उरली नव्हती.

फिल्टर थोडा बुडणं आणि पूर्ण बुडणं यांत फार मोठा फरक आहे. अर्धा बुडालेला फिल्टर उरलेल्या अर्ध्या भागातून हवा घेत राहतो. थोडे तुषार आत येतात, इंजिन ते पचवतं. पूर्ण बुडाला की हवेचा रस्ताच बंद होतो आणि सिलिंडरांची सगळी ओढ पाण्यावर येते. या गाडीची थ्रॉटल बॉडी जमिनीपासून ८० सेमीवर. पाण्याची पातळी ४० सेमी धरली तर पाणी आणखी ४० सेमी वर चढवायला जेमतेम ४ किलोपास्कलची ओढ पुरते. आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चाललेल्या निरोगी पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलनंतर सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागातला, दाब वातावरणापेक्षा ६० किलोपास्कलने कमी असतो. पाइपात हवा साडेतीन लिटरच्या आसपास. दीड लिटरचं इंजिन आयडलवरही सेकंदाला तीनेक लिटर हवा ओढतं. फिल्टर पूर्ण झाकला गेल्यावर पाणी थ्रॉटलपर्यंत पोचायला सेकंदभर लागतो. ॲक्सिलरेटर दाबलेला असेल तर त्याहून कमी.

आणि किती पाणी पुरतं? एका सिलिंडरचं आकारमान ३७४ सीसी. १०.३ च्या रेशोने पिस्टन सगळ्यात वर असताना उरणारी जागा सुमारे ४० मिली, म्हणजे चहाचे आठ चमचे. त्याहून जास्त पाणी सिलिंडरमध्ये असताना पिस्टन वर आला तर पाणी दबत नाही, मग दबण्यासारखं जे असतं ते दबतं: पिस्टनला खालच्या फिरत्या दांड्याशी, म्हणजे क्रँकशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड.

जूनमध्ये समोर असलेले पर्याय

पहिल्या पावसानंतर गाडी उघडली तेव्हा फिल्टर चिखलाने माखलेला होता. कापलेल्या लायनरमधून पुढच्या चाकाचं पाणी थेट त्यावर उडत होतं. बसवणाऱ्या दुकानाने पाणी झटकणारी पॉलिएस्टर जाळीची टोपी सुचवली. मालकाने ती घेतली.

टोपी वाईट वस्तू नाही. उडणारे तुषार, पावसाची सर, चाकाचं पाणी यांसाठी ती चांगलं काम करते. पण तिची मर्यादा पृष्ठताणाने ठरते. जाळीची छिद्रं १०० मायक्रॉनची धरली तर ती जास्तीत जास्त २.९ किलोपास्कलपर्यंत पाणी अडवू शकते, म्हणजे २९ सेमी पाण्याचा दाब, तोही जाळी स्वच्छ आणि कोरडी असताना. बुडालेल्या फिल्टरवर इंजिनाची ओढ याच्या कितीतरी वर जाते. त्यात आणखी एक उलटा परिणाम आहे, जो पाकिटावर लिहिलेला नसतो: जाळी चिखलाने भरली की हवेला अडथळा वाढतो, अडथळा वाढला की फिल्टरवरची ओढ वाढते, आणि उरलेल्या छिद्रांतून पाणी आधीपेक्षा सोपेपणाने आत येतं. पावसाळ्यात दर आठवड्याला टोपी धुतली नाही तर ती संरक्षण कमी आणि अडथळा जास्त होते.

दुसरा पर्याय बायपास व्हॉल्व्हचा. पाइपच्या उंच भागात बसणारा, रबरी पडद्यांचा आणि बाहेरून फोमच्या कड्याचा हा तुकडा. खाली फिल्टर बुडून पाइपात ओढ वाढली की पडदे उघडतात आणि इंजिन वरून हवा घेतं. तो फिल्टर आणि एमएएफ सेन्सर यांच्यामध्ये बसवावा लागतो, नाहीतर आत येणारी हवा मोजलीच जात नाही. टर्बो गाडीत तो चालत नाही. आणि पाइप कापावा लागतो. कापलेल्या टोकाला उठलेली कड राहत नाही, त्यामुळे सिलिकॉनची नळी तिथून सुटते. म्हणून तिथे साधी होज क्लिप न लावता टी-बोल्ट क्लँप लावावा. मालकाने हा पर्याय महाग म्हणून सोडला. या प्रकरणापुरतं बोलायचं तर तो बसवलेला असता तर इंजिन बहुधा वाचलं असतं.

तिसरा पर्याय कंपनीची पेटी परत बसवण्याचा. ‘पेटी घरी आहे, पण तिचं तोंड नाही’ म्हणून तो मागे पडला.

चौथा पर्याय कोणी मांडलाच नाही, आणि तो फुकट होता. किटचा पाइप दोन तुकड्यांत होता. खालचा तुकडा काढून फिल्टर थेट वरच्या तुकड्याच्या टोकाला लावता आला असता, कारण दोन्ही ठिकाणी व्यास ७६ मिमीच. फिल्टर बॅटरीच्या शेजारी, ६५ सेमीवर आला असता. बॉनेटखालची गरम हवा आत गेली असती, ट्रॅफिकमध्ये पिकअप किंचित मंद वाटला असता. काम अर्ध्या तासाचं, लागणारी अवजारं एक स्क्रूड्रायव्हर आणि दहाचा पाना.

त्या दिवशी पाण्यात

जुलैतली संध्याकाळ, दुपारपासून संततधार आणि त्याच वेळी मोठी भरती. किनारपट्टीवर हे दोन एकत्र आले की पाणी खाडीत उतरत नाही, उलट खाडीचंच पाणी नाल्यांतून मागे येतं. महामार्ग सोडून गावाकडे वळणाऱ्या सखल रस्त्यावर पाणी साचलं होतं. नंतर गाडीवर राहिलेल्या रेषेवरून त्याची स्थिर पातळी २७-२८ सेमी निघाली. हबच्या किंचित खाली.

मालक थांबला, पाहिलं. पुढे एक हॅचबॅक आरामात निघून गेली. दोन मोटारसायकली गेल्या. इथे पहिला मोठा निर्णय झाला आणि तो चुकीच्या पुराव्यावर झाला. पुढची गाडी गेली यावरून त्या गाडीचं तोंड कुठे आहे एवढंच कळतं. रस्त्याच्या कडेला दुसरी खूण होती: फूटपाथची कड पूर्ण बुडाली होती. आपल्याकडे ती कड साधारण १५ सेमी उंच बांधतात, आणि रस्ता मधे खचलेला असेल तर तिथे पाणी त्याहून बरंच खोल असतं. २४ सेमीवर फिल्टर असलेल्या गाडीने कड बुडालेली दिसताच वळायला हवं होतं.

गाडी चालवण्याची पद्धत मात्र बरोबर होती. पहिला गिअर, दीड-दोन हजार आरपीएम, वेग हळू धावणाऱ्या माणसाएवढा, क्लच न दाबता. ‘पाण्यात ॲक्सिलरेटर सोडायचा नाही, सायलेन्सरमध्ये पाणी जाईल’ असं सांगून गाडी खेचवणारे बरेच असतात. चालू इंजिन आयडलवरही सायलेन्सरमधून पाणी बाहेर ढकलत असतं. धोका पुढून आहे. जास्त आरपीएम म्हणजे जास्त ओढ आणि जास्त वेग म्हणजे बंपरपुढे उंच लाट.

लाट आली ती स्वतःच्या गाडीची नव्हती. समोरून बस आली आणि तिच्या लाटेने पाणी बंपरच्या कोपऱ्यावर पंधराएक सेमी चढलं. ३८ सेमीवरची फिल्टरची वरची कड झाकली गेली. इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं.

पुढच्या पाच सेकंदांत मालकाने सेल मारला. ‘ठक’ असा एक आवाज आला आणि स्टार्टर अडकला. त्याने दुसऱ्यांदा मारला नाही, आणि या प्रकरणातला सगळ्यात फायद्याचा निर्णय तोच. स्टार्टर अडकणं म्हणजे पिस्टन पाण्यावर टेकला, एवढाच त्याचा अर्थ. रॉड इंजिन बंद पडताना वाकला की त्या एका सेलमध्ये, हे नंतर वेगळं करता येत नाही. फिरत्या चक्राची आणि पुढे सरकणाऱ्या गाडीची ताकद पाहता पहिली शक्यता जास्त. पण अजून चार-पाच सेल मारले असते तर एकाच्या जागी दोन रॉड गेले असते.

लोक मदतीला आले. एकाने दुसऱ्या गिअरमध्ये टाकून धक्का स्टार्ट करायला सांगितलं. ते सेल मारण्यापेक्षाही वाईट, कारण तिथे स्टार्टरऐवजी हजारेक किलोची गाडी पिस्टनला ढकलते. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून उंचवट्यावर आणली आणि पुढची चाकं उचलून गॅरेजला नेली. ज्या गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होतं, त्यांत पाण्याआधीच ते बटण दाबून ती सोय बंद करावी. नाहीतर बंद पडलेलं इंजिन गाडी स्वतःच पुन्हा फिरवू शकते.

गॅरेजमध्ये

गाडी रात्री आली आणि मिस्त्रीने काम सकाळवर टाकलं नाही. खाडीचं पाणी मिसळलेलं होतं. खारट पाण्याने सिलिंडरच्या भिंती आणि रिंगा एका रात्रीत गंजायला लागतात.

क्रम असा होता. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. ऑइलची पट्टी पाहिली: दुधाळ रंग नव्हता, पातळी वाढलेली नव्हती. इनटेक पाइप काढला, तो वाकड्या भागात निम्मा पाण्याने भरलेला. एमएएफ सेन्सर वेगळा करून त्यावर फक्त एमएएफ क्लिनर मारला आणि आपोआप सुकू दिला; कार्ब क्लिनर किंवा कॉम्प्रेसरची हवा त्या नाजूक फिल्मवर मारायची नसते. इंधन पंपाचा रिले काढला. चारही कॉइल आणि चारही प्लग काढले. मग क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवलं. कुठे अडत नाही याची खात्री झाल्यावरच बॅटरी जोडून, प्लगच्या भोकांवर जाड फडकी ठेवून, बाजूला उभं राहून तीन-तीन सेकंद सेल मारला. दोन आणि तीन नंबरमधून पाणी उडालं, तीनमधून जास्त. चारही सिलिंडरमध्ये पाच-पाच मिली इंजिन ऑइल सोडून पुन्हा हाताने फिरवलं.

मग कॉम्प्रेशन तपासलं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. आकडे आले १३.०, १२.८, ११.५ आणि १३.१ बार.

बहुतेक गॅरेजांतून गाडी इथेच बाहेर पडते. सिलिंडरांत २ बारपर्यंत फरक चालतो हा ढोबळ नियम प्रचलित आहे आणि इथे फरक १.६ बारचा. प्लग लावले असते, ऑइल बदललं असतं, गाडी सुरू झाली असती आणि चालवायला ठीकच वाटली असती. पण हिशोब करून पाहावा. ७३ मिमी बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) या इंजिनात रॉड वाकून पिस्टन वरच्या टोकाला फक्त १ मिमी खाली राहिला तर वरची जागा ४० मिलीवरून ४४ वर जाते आणि रेशो १०.३ वरून ९.४ पर्यंत उतरतो. कॉम्प्रेशनमध्ये ते दहा-बारा टक्क्यांनीच दिसतं. म्हणजे कॉम्प्रेशनचा काटा रॉड मोडला आहे का हे सांगतो, थोडा वाकला आहे का हे सांगेलच असं नाही.

मिस्त्रीने दुसरी चाचणी केली. या इंजिनात प्लगचं भोक सिलिंडरच्या मधोमध आणि सरळ आहे. त्यातून ॲल्युमिनियमची सरळ सळई पिस्टनवर टेकवली, क्रँक हाताने हळू फिरवत पिस्टन सगळ्यात वर कुठे येतो ते पाहिलं आणि भोकाच्या कडेशी सळईवर खूण केली. चारही सिलिंडरांत तीच सळई, तोच कोन. सळई स्टीलची घेऊ नये, पिस्टनला ओरखडा जातो. आणि ती आत पडणार नाही एवढी लांब हवी. व्हर्नियरने खुणा मोजल्या. तीन सिलिंडर एकमेकांच्या ०.१ मिमीच्या आत. तीन नंबर १.१ मिमी खाली.

इथे मालकासमोर दोन वाटा होत्या. गाडी तशीच वापरायची किंवा इंजिन उघडायचं. वाकलेला रॉड पिस्टन तिरका ढकलत राहतो. पिस्टनचा खालचा भाग, म्हणजे स्कर्ट, एका बाजूने घासतो, बेअरिंग कडेवर झिजतं, आणि रॉड आखूड झाल्यामुळे खालच्या टोकाला पिस्टन क्रँकच्या वजनाच्या जवळ जातो. असा रॉड काही आठवडे किंवा काही महिने चालतो आणि मग महामार्गावर तुटून ब्लॉकला भोक पाडतो. तेव्हा प्रश्न इंजिन बदलण्याचा असतो. मालकाने उघडायला सांगितलं.

विम्याचा प्रश्न

मालकाची पहिली विचारणा अशी होती की पाहणीला सर्व्हेअर येण्याआधी पाइप काढून कंपनीची पेटी लावून ठेवता येईल का. गॅरेजने नकार दिला. पुराव्यात फेरफार हा एक भाग. शिवाय कापलेला लायनर आणि फेंडरमधलं भोक पाहून कोणत्याही जाणत्या सर्व्हेअरला पाच मिनिटांत कळलं असतं.

दावा तसाही उभा राहत नव्हता. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराने झालेलं नुकसान धरतात, पण इंजिनात पाणी ओढलं जाऊन रॉड वाकणं हे परिणामी नुकसान मानून वगळलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जोड कवच वेगळं घ्यावं लागतं, आणि ते पॉलिसीत नव्हतं. वर इनटेकचा बदल कंपनीला कळवलेला नव्हता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधन आहे आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कडकपणे वाचलं आहे. आतल्या साफसफाईपुरता छोटा दावा करून नो क्लेम बोनस घालवण्यापेक्षा तो न करणं बरं, असं ठरलं.

दुरुस्ती

हेड आणि ऑइल पॅन उतरवून तीन नंबरचा पिस्टन रॉडसकट वरून काढला. नवीन रॉड, नवीन रॉड बोल्ट, चारही रॉडांची बेअरिंग शेल, त्या पिस्टनच्या रिंगा, हेड गॅस्केट आणि हेड बोल्ट. उरलेले तीन रॉड सपाट प्लेटवर तपासले, सरळ निघाले. बोअरवर ओरखडा नव्हता. वेळेवर सोडलेल्या तेलामुळे गंजही नव्हता. बसवल्यावर ऑइल भरून इंजिन वीस मिनिटं चालवलं, ते ऑइल फिल्टरसह काढून टाकलं आणि नवीन भरलं. नंतरची कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत ०.३ बारच्या आत. एकूण खर्च इनटेक किट आणि टोपी यांच्या किमतीच्या अनेक पटींत गेला, हे वेगळं सांगायला नको.

पावसाळ्याची मांडणी

मालकाला आता टोपी आणि बायपास व्हॉल्व्ह दोन्ही लावून किट ठेवायचं होतं. गॅरेजने कंपनीची पेटी परत बसवायचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. यात एक खाच आहे. पेटी नुसती बसवून चालत नाही. पुढचं तोंड नसेल तर पेटीचं खालचं भोक सरळ फेंडरच्या पोकळीत उघडतं, आणि तिथे हवा घेण्याची जागा किटच्या फिल्टरपेक्षा थोडीच वर असते. अशा ‘परत स्टॉक केलेल्या’ गाड्या पाण्यात बंद पडलेल्या कितीतरी दिसतात. म्हणून तोंड आणि रेझोनेटर कंपनीच्या पार्ट्स काउंटरवरून नवीन मागवले. लायनरही नवीन, क्लिपांसकट. किटच्या पाइपसाठी मोठं केलेलं आतल्या फेंडरचं भोक रबरी बुचाने बंद केलं. उघडं ठेवलं तर चाकाचं पाणी फ्यूज बॉक्सपर्यंत उडतं. पेटीच्या तळाचं निचऱ्याचं बारीक भोक मातीने बुजलं होतं, ते तारेने मोकळं केलं.

तपासणी साधी. पेटीच्या आत, फिल्टरच्या अलीकडच्या म्हणजे हवा आत येण्याच्या बाजूला, तळापासून वरपर्यंत खडूची उभी रेघ ओढायची. बॉनेट बंद करून बागेच्या पाइपने ग्रिल आणि हेडलाइटच्या फटींवर दहा मिनिटं पाणी मारायचं, इंजिन आयडलवर चालू ठेवून. मग पेटी उघडून रेघ कुठपर्यंत पुसली ते पाहायचं. फिल्टरच्या पलीकडच्या स्वच्छ बाजूला खडू, कागद, काहीही ठेवायचं नाही. ते सरळ इंजिनात जातं. या गाडीत तळाची दोन बोटं रेघ पुसली गेली, त्यावर कोरडी. पुढच्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा पाहिलं, तेव्हाही तेवढंच.

काय वेगळं करता आलं असतं

जानेवारीत टेप घेऊन एक माप घेतलं असतं तर बाकीचं बरंच टळलं असतं. इनटेक बसवून गाडी ताब्यात घेताना फिल्टरची खालची कड जमिनीपासून मोजावी आणि हबच्या मध्याशी ताडून पाहावी. हबच्या खाली आली तर ती मांडणी फक्त कोरड्या महिन्यांची. काढलेला प्रत्येक भाग, अगदी प्लास्टिकचं तोंडसुद्धा, दुकानातून पिशवीत भरून घरी आणावा. लायनर कापू देऊ नये. कापल्याशिवाय बसत नसेल तर ते किट त्या गाडीचं नाही.

जूनमध्ये फिल्टर चिखलाने माखलेला दिसला, तो इशारा उंचीचा होता आणि इलाज कापडाचा झाला. दुकानदाराकडे विकायला टोपी होती म्हणून चर्चा टोपीवर थांबली. खालचा तुकडा काढण्याचा पर्याय सांगून त्याला काही मिळणार नव्हतं, तेव्हा तो मालकानेच विचारायला हवा होता.

गॅरेजबाबत एकच तक्रार ठेवता येईल. पहिल्या सेलची गोष्ट मालकाने आपणहून सांगितली म्हणून कळली. ती आत घेतानाच विचारायला हवी होती. गाडी कोणत्या वेगात बंद पडली, नंतर किती सेल मारले, धक्का मारला का, हे तीन प्रश्न जॉबकार्डवर आधी लिहिले तर सळईची चाचणी करायची की नाही हा प्रश्नच उरत नाही.

किट सध्या खोक्यात बांधून ठेवलेलं आहे. परतीचा पाऊस कोकण किनाऱ्यावर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळतो, त्यामुळे ते नोव्हेंबरच्या आधी बसवायचं नाही आणि मे संपायच्या आत उतरवायचं, असं ठरलं. बसवताना फक्त वरचा तुकडा लावायचा, फिल्टर बॅटरीशेजारी, इंजिनाच्या बाजूने ॲल्युमिनियमचा पत्रा. फेंडरमधलं बूच मात्र आता काढायचं नाही. विमा नूतनीकरणाच्या अर्जात बदल लिहून द्यायचा आणि इंजिन प्रोटेक्ट घ्यायचं. विमा कंपनी बदल मान्य करत नसेल तर किट विकून टाकायचं, यालाही मालक आता तयार आहे.